गुडघ्यापुढे तेरा सेंटिमीटर

नियम एका ओळीचा आहे. नीलिंगमध्ये, म्हणजे एका गुडघ्यावर बसून नेम धरताना, रायफल पेलणाऱ्या हाताचं कोपर गुडघ्याच्या टोकापुढे दहा सेंटिमीटरपर्यंत चालतं, टोकामागे पंधरापर्यंत. वहीत उतरवताना मी तो उलटा लिहिला. पुढे पंधरा, मागे दहा.

आठ महिने रोज सकाळी मी हॉलमध्ये मुलीच्या गुडघ्याला मोजपट्टी लावत होतो. तिचं कोपर तेरावर स्थिर व्हायचं. तिचे सर मूळचे एअर रायफलचे, उभं राहून मारणारे. तरी ते एकदा म्हणाले होते, "कोपर पुढे वाटतंय जरा." मी वही दाखवली.

"काका, तुम्ही मोजलंय म्हटल्यावर आम्ही काय बोलणार!"

मला तेव्हा बरं वाटलं होतं.

बालेवाडीला निवड स्पर्धा होती. ज्युनिअर गटातलं तिचं शेवटचं वर्ष, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेसाठी ही शेवटची संधी. तयारीच्या पंधरा मिनिटांतली नऊ गेली होती. ज्युरीच्या बाई तिच्यापाशी वाकल्या, पट्टी लावली आणि म्हणाल्या, "कोपर मागे घ्या."

"मॅडम, तेराच आहे. पंधरा चालतं."

"मागे चालतं. पुढे दहा."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलवर नियम उघडला. दोनदा वाचला. काचेपलीकडून बोलायला बंदी, म्हणून बाई बरोबर आहेत, एवढं मानेनेच सांगितलं. उरलेल्या सहा मिनिटांत तिने रायफल दंडाला बांधणारा स्लिंगचा पट्टा सोडला, बांधला, पुन्हा सोडला. तीन सेंटिमीटर मागे आल्यावर रायफलची नळी एका जागी ठरत नव्हती. ते मला मागूनही दिसत होतं.

मी दाराशी जाऊन ज्युरीच्या बाईंना गाठलं. "अहो, चूक माझी आहे, तिची नाही. थोडा वेळ वाढवून देता येईल का?"

"गोळ्या तुम्ही मारताय का?"

"नाही."

"मग खाली बसा."

पहिल्या दहा गोळ्यांत एक्क्याऐंशी गुण. पुढच्या दहांत चौऱ्याऐंशी. सरावात तिचे वीस गोळ्यांत एकशे अठ्ठ्याऐंशी यायचे. उरलेल्या दोन प्रकारांत, झोपून आणि उभ्याने, तिने नेहमीइतकेच गुण मारले. पात्रतेला सात कमी पडले. नीलिंगमध्ये गेले होते तेवीस. वजाबाकी मी तीन वेळा केली.

पार्किंगमध्ये ती म्हणाली, "सरांना फोन करा. त्यांना वाटेल, मी त्यांचं ऐकलं नाही."

मी केला. दोन्ही आकडे आधी वहीतले चुकीचे सांगितले, मग नियमातले बरोबर. सरांनी एवढंच विचारलं, "ती कशी आहे?"

ती रायफलची पेटी एकटीच डिकीत चढवत होती. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे, बाबा."

"सर विचारताहेत, तू कशी आहेस," म्हणत मी फोन तिच्यापुढे धरला.