बादलीमामांचा वळू

वळूकेंद्रात त्यांना सगळे बादलीमामा म्हणत, कारण बादलीशिवाय त्यांना कोणी पाहिलंच नव्हतं. वळू तर असा लख्ख ठेवलेला की नवरदेवानं त्याच्याशेजारी उभं राहायला लाजावं. त्या वळूचं वीर्य गोठवून लांबलांबच्या गाईंसाठी जायचं. म्हणजे पूर्वी जायचं. हल्ली दर खेपेला तपासणीवाल्या ताई काचेची बशी पुढे करायच्या. बशीत जंतूंचे पिवळे ठिपके, अंगावर पुरळ उठावं तसे.

"मामा, परत फेकावं लागलं. हे गाईच्या पोटात गेलं तर गर्भ राहायचा बाजूला, पिशवीच सुजेल."

"मी काय धुवायला कमी करतो?"

"आणखी एकदा असं निघालं तर साहेब वळू काढून टाकणार आहेत."

वासरू असल्यापासून पोटच्या पोरासारखा वाढवलेला. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून बादल्यांवर बादल्या, साबण, ब्रश.

"माझी पाठ कधी अशी चोळली नाहीत," बायको म्हणाली.

"तुला कोण काढून टाकतंय?"

पुढच्या खेपेला ताई स्वतः आवारात आल्या आणि सरळ वाकून वळूच्या पोटाखाली बघू लागल्या. मामांनी नुकतीच शेवटची बादली ओतली होती. खालच्या लांब केसांवरून पाणी निथळत होतं. वळू वीर्य काढायच्या सांगाड्यावर उडी घ्यायला उठला, तसा एक थेंब ओघळून थेट वीर्य धरायच्या नळीत गेला.

"थांबवा," ताई म्हणाल्या. "मामा, तुम्ही घाण धुताय आणि त्याच पाण्यानं आत पोचवताय. पुसत का नाही?"

"पुसायचं कोणी सांगितलं?"

"धुता म्हटल्यावर पुसत असाल, असंच मी धरून चालले."

"वा. तुमचं धरून चालणं, आणि जीव माझ्या वळूचा."

मग ते केस कापले, वळूला पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी धुऊन कोरडं पुसलं, आणि सकाळी मामांना हात लावायची बंदी. वळूनं रात्रीत पाठभर धूळ उडवून घेतली होती. मामा बादली पालथी घालून तिच्यावर बसले, हात काखेत दाबून. निकाल येईपर्यंत धुळीकडे बघून नुसते धुमसत राहिले.

बशी स्वच्छ निघाली. वळू राहिला. ताई हसल्या, मामा नाही.

"चकचकीत होता तेव्हा नापास, आणि हा असा धुळीत लोळलेला पास," ते पुटपुटले. "आता तरी धुऊ का?"

"धुवा की."

मामा उठले, बादली सुलटी केली, आणि दोन पावलं गेल्यावर चरफडत परत फिरले. टॉवेल राहिला होता.