धोंड्याने अण्णांना फिरवलं

देवावर नितांत श्रद्धा असलेला माणूस देवाचंच ऐकेना, तर त्याला तुम्ही आस्तिक म्हणाल की नास्तिक?

मी स्वतः पक्का नास्तिक. बुवाबाजीविरुद्धच्या पुस्तिका वाचून वाढलेला. भूत, नवस, कौल... सगळं थोतांड! तरीही एकाहत्तर सालच्या जूनमध्ये, चांगल्या लख्ख सकाळी, शेवगावजवळच्या आमच्या गावातल्या भैरोबाच्या देवळात जे पाहिलं, ते सांगतो.

धाकटी बहीण कुसुम अकरावी पास झाली होती. तिला मास्तरीण व्हायचं होतं, नगरला ट्रेनिंग घ्यायचं होतं. वडिलांनी — अण्णांनी — खर्ड्याचं स्थळ जवळजवळ पक्कं केलेलं. मी रोज भांडायचो. शेवटी अण्णा म्हणाले, "देवाला इचारू. त्यो म्हनंल तसं."

भैरोबापुढे एक गोल धोंडा आहे. त्यावर उकिडवं बसायचं, हात जोडून प्रश्न विचारायचा. धोंडा उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे तर नाही. माझ्या पुस्तिकेत याचा खुलासा होता : बसणाऱ्याच्या मनात असतं तिकडे त्याचंच अंग वळतं. म्हणजे संपलंच की! अण्णांच्या मनात 'नाही' होतं.

अण्णा बसले, कुसुम मागे उभी राहिली. "देवा, पोरीला नगरला धाडू का?"

धोंडा उजवीकडे सरकला.

"पाय घसरला," अण्णा म्हणाले आणि बसल्या जागीच पुन्हा विचारलं. पुन्हा उजवीकडे. तोंड भिंतीकडे झालं.

"झिजलाय ह्यो! दगडाला काय कळतंय?" अण्णा कडाडले.

आणि मी — मी! — ओरडलो, "अण्णा, देवाचा कौल मोडता?"

गुरव हसू दाबत म्हणाला, "आरं, बाप-लेकाची अदलाबदल झाली का काय?"

तिसऱ्यांदा अण्णा अंग आवळून बसले. धोंडा फिरत फिरत थांबला तेव्हा त्यांची पाठ देवाकडे होती आणि तोंड थेट मागे उभ्या कुसुमकडे.

"अण्णा, आता समोरच आलात, तर मलाच इचारा की."

अण्णा घुटमळले. "जायाचंय व्हय तुला?"

"व्हय."

"मला वाटलं, ह्याचंच पुस्तकी खूळ हाय. आधी सांगायचं न्हाई?"

"कुनी इचारलं हुतं?"

कुसुम नगरला गेली. कौलाच्या दुसऱ्याच दिवशी मी त्या धोंड्यावर बसून पाहिलं होतं. तसूभर हलला नाही. अण्णांना त्यांच्या मनाविरुद्ध कुणी फिरवलं? पुस्तिकेत उत्तर नाही.

पण तुमच्या घरात लग्नाची मुलगी असेल, तर एवढं कराच. हे पान मिटा, तिला हाक मारा आणि तिला काय हवंय ते विचारा. कौल मग लावा, हवा तर.