वदीअ खय्यातने जिवंत ठेवलेला नवरा

वदीअ खय्यात मूळचा लेबनॉनमधल्या झाहलेचा. तरुणपणी कैरोला आला आणि फग्गालातल्या मिखाईल एफेंदींच्या छापखान्यात फ्रेंच कादंबऱ्यांचं अरबी करायला बसला. दर गुरुवारी एक भाग निघायचा. मी तिथेच खिळे जुळवायचो, त्यामुळे त्याचं किरटं अक्षर सगळ्यांत आधी मीच वाचायचो. ठेंगणा, एकटा, पोटाच्या तक्रारीने कायम बेजार असा माणूस.

१९२७ साली त्याने अझबकियाच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून एक जाडजूड कादंबरी आणली. महायुद्धात बेपत्ता झालेल्या नवऱ्याची वाट पाहणारी एलेन नावाची बाई, तिच्यावर डोळा ठेवून असलेला सावकार, असा मामला. लोक वेडे झाले. अकरा भाग निघाल्यावर वदीअच्या ध्यानात आलं, की शेवटची चाळीस पानं त्या कादंबरीची नाहीतच. बांधणाऱ्याने चुकून द्राक्षवेलींच्या रोगांवरच्या पुस्तकाची पानं शिवली होती.

"आता रे?" मी विचारलं.

"आता काय! गुरुवार थांबतोय होय?"

त्याच्या गल्लीत उम्म झुहदी नावाची मासेवाली होती. मुलीकडून ती प्रत्येक भाग वाचून घ्यायची. "ख्वाजा," ती त्याला दरडावून म्हणाली, "त्या पोरीचा नवरा मेला ना, तर माझ्याकडे माशाचं शेपूटसुद्धा मागायला येऊ नका!"

वदीअने नवरा परत आणला. स्टेशनावर, काठी टेकत. मजकूर जुळवताना माझेही डोळे भरून आले. तो अंक तीनदा छापावा लागला.

सहा महिन्यांनी दुसऱ्या एका छापखान्याने तीच कादंबरी पुन्हा काढली. भाषांतर कैरोतल्याच शुब्रा भागातल्या रिझ्क शनूदाचं. हा शाळामास्तर, शब्दाला शब्द लावणारा. त्याच्या पुस्तकात नवरा युद्धातच मेलेला निघतो आणि एलेन मठात जाते. मूळ पुस्तकात तसंच होतं. पण लोक खवळले. रिझ्कला फ्रेंच येत नाही, त्याने आमची गोष्ट नासवली, असं एका साप्ताहिकाने छापलं. त्या छापखान्याच्या मालकाने त्याला काम देणं बंद केलं.

हे कानावर आल्यावर वदीअ दोन दिवस जेवला नाही. मग ते द्राक्षवेलींचं लोढणं काखेत मारून रिझ्ककडे गेला. मला सोबत नेलं. रिझ्क भाजी निवडत बसला होता. वदीअने पुस्तक उघडून शेवटची पानं दाखवली.

रिझ्कने ती नीट पाहिली. "म्हणजे तुम्ही सगळं मनाने लिहिलंत?"

"हो."

"आणि मला खोटारडा म्हणताहेत."

"म्हणून तर आलोय, उस्ताद."

"माझी बायकोसुद्धा म्हणते हो! काल विचारत होती, त्या बिचाऱ्याला मारून तुम्हाला काय मिळालं?"

वदीअने साप्ताहिकाला पत्र पाठवलं. शेवट माझ्या पदरचा, शनूदांचाच खरा, असं स्पष्ट लिहिलं. पत्र छापूनही आलं. आणि लोकांनी त्यावर विश्वासच ठेवला नाही. किती मोठ्या मनाचा माणूस, प्रतिस्पर्ध्याची अब्रू झाकायला स्वतःवर आळ घेतो, म्हणू लागले. उम्म झुहदीने त्याला दोन मासे फुकट दिले. ते त्याने घेतले नाहीत, तेव्हा तिला राग आला.

शेवटी तो मिखाईल एफेंदींसमोर जाऊन उभा राहिला. "यापुढे निम्मं काम रिझ्कला द्या. नाहीतर मी चाललो."

"अरे, तो माणसं मारतो!" एफेंदी ओरडले.

"लेखकाने मारली तर तो तरी काय करणार?"

एफेंदींनी आठवडाभर आरडाओरडा केला आणि मग कबूल झाले. दोघं समोरासमोरच्या मेजांपाशी दहा वर्षं बसले. पटायचं फार कमी. वदीअ वर्णनं गाळायचा, रिझ्क ती गुपचूप परत घालायचा, आणि खाडाखोड मला निस्तरावी लागायची. रिझ्कच्या कादंबऱ्या कमी खपायच्या, पण त्यांनाही ठराविक वाचक लाभले. त्यात बरेचसे शाळामास्तर होते.

वदीअ अडतीस साली पोटाच्याच दुखण्याने गेला. अंत्ययात्रेला छापखान्याची माणसं होती, गल्लीतली चार घरं होती आणि रिझ्क सहकुटुंब आला होता. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. वदीअचा अर्धवट राहिलेला भाग रिझ्कने पुरा केला. मूळ पुस्तक शेजारी उघडं ठेवून, वदीअने लिहिलेलं एकही वाक्य न बदलता.