घुम्या आहे की!

आमची आत्या पाणथळ जागांची देखरेख करणाऱ्या एका कार्यालयात सव्वीस वर्षं टायपिस्ट आहे. दर वर्षी तळ्यावरच्या पक्ष्यांची यादी तीच टाइप करते. मुद्दाम जाऊन तिने एकही पक्षी कधी पाहिला नव्हता, पण कोण किती उरलाय हे तिला तोंडपाठ. जेवताना मध्येच म्हणायची, "यंदा पाणकोंबड्या बऱ्या आहेत हं." जणू माहेरची ख्यालीखुशालीच.

त्या यादीत एक तपकिरी बगळा होता. चाहूल लागली की मान वर ताणून लव्हाळ्याच्या पात्यासारखा गप्प उभा राहायचा, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणत. त्याच्यापुढे वर्षानुवर्षं 'अतिसंकटग्रस्त' असं लिहिलेलं असे. एका साली साहेबांनी ते खोडून 'नामशेष' केलं आणि कागद आत्यापुढे ठेवला.

"साहेब, हा गेला कधी?"

"दहा वर्षांत नोंद नाही, बाई."

"नोंद करायला कोणी गेलं होतं का?"

साहेब भला माणूस. हसून म्हणाले, "यादी शुक्रवारी जायचीय. तोवर तुम्हीच बघून या."

त्यांनी थट्टा केली होती. आत्याने रजेचा अर्ज टाकला.

तळ्याकाठी तिला लव्हाळी कापून चटया विणणाऱ्या एक काकू भेटल्या. "घुम्या? आहे की! रोज उजाडताना हुंकारतो."

"मग कधी सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी काकूंच्या होडीतून निघाल्या. रिकाम्या माठात फुंकर मारावी तसा आवाज आला. आत्याने तो फोनवर टिपला आणि धावत कार्यालय गाठलं. तिथे सगळ्यांना ऐकू आलं ते एवढंच: "आलं का गं त्यात? आलं का?" काकूंचा खणखणीत आवाज.

मग गुरुवारी होडीत बसल्याबरोबर काकूंनी तोंडात पदर कोंबला. दोन तास बसून आत्याच्या पायाला मुंग्या आल्या. तेवढ्यात काकूंनी तिचा गुडघा दाबला. चार हातांवरच्या एका पात्याने पिवळा डोळा मिचकावला होता. आत्या इतकी हरखली की फोटो काढायचंच विसरली. आठवलं तेव्हा घाईघाईत खटाखट बटण दाबलं. चार फोटोंतला एक बरा निघाला, त्यात अर्धा घुम्या आणि अर्धा काकूंचा कान.

पक्षीतज्ज्ञांनी घुम्या ओळखला. आत्याने जुना शब्द पुन्हा टाइप केला आणि पहिला नंबर आल्यासारखी घरी आली. "दादा, अतिसंकटग्रस्त आहे!"

"अगं, ही काय आनंदाची बातमी झाली?" बाबा म्हणाले.

"संकटात आहे म्हणजे आहे ना!"

आठवड्याभरात मात्र कार्यालयाचा हुकूम निघाला: तळ्यावर लव्हाळी कापायला बंदी. हुकूमही आत्यालाच टाइप करावा लागला. काकू घरी आल्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. "तुला घुम्या दाखवला तीच माझी चूक झाली," एवढं बोलून निघून गेल्या.

आत्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने काकूंची मनधरणी केली, साहेबांनाही होडीत बसवलं. काकू त्यांच्याकडे न बघताच बोलल्या, "पलीकडच्या काठाला त्याचं घरटं असतं. तिथे माझ्या आईनेसुद्धा कधी विळा लावला नाही. अलीकडे कापलं की कोवळं फुटतं, बेडूक येतात. कापलंच नाही तर तो खाणार काय?"

साहेबांनी ओल्या विजारीतच हुकूम बदलून घेतला. पलीकडचा काठ राखीव झाला, अलीकडची कापणी सुरू राहिली. तरीही काकूंचा रुसवा महिनाभर टिकला.

आता घुम्यांची मोजणी काकूच करतात. गेल्या साली त्यांनी पाच आवाज मोजले. त्यांतला एक अजून शिकतोय, असं त्या म्हणाल्या, आणि आत्याने शेऱ्याच्या रकान्यात ते जसंच्या तसं टाइप केलं.