दोन्ही वेळा तेच उत्तर

उमरग्याच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवायला लागले तेव्हा माझी पीएचडी झालेली नव्हती, आणि ती केल्याशिवाय नोकरी पक्की होणार नव्हती. विषय ठरला खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचा एकटेपणा. तो मोजायचा तर आधी मोजायचं साधन हवं, म्हणून मी स्वतःच एक चाचणी बनवली. चोवीस वाक्यं होती. ‘मनातलं बोलायला आपलं माणूस जवळ नाही असं वाटतं’, ‘तिन्हीसांजेला घर खायला उठतं’, अशी. प्रत्येकाला चार उत्तरं: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. बेंबळीला, माझ्या माहेरी, आईजवळ बसून मी ती वाक्यं घासूनपुसून घेतली होती, आणि मनातून मला त्यांचा अभिमान होता.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, आधी विश्वसनीयता दाखवा. त्याच माणसांना तीन आठवड्यांनी तेच प्रश्न विचारा. उत्तरं जुळली की चाचणी भरवशाची. ती खरंच एकटेपणा मोजते का, हा सप्रमाणतेचा प्रश्न वेगळा, तो नंतर बघू.

सोबतच्या एका प्राध्यापक बाईंचं माहेर सास्तूरचं, म्हणून मी ते गाव धरलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, सरळ गल्ल्या, एकसारखी घरं. घर चुकू नये म्हणून मी दारावरचे नंबर वहीत लिहून घ्यायचे.

तिथल्या एका आजी मला पहिल्या दिवशीच भेटल्या. ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांचे मालक, ऐंशीच्या घरातले आजोबा, बाजूच्या बाजेवर पडून आमचं बोलणं ऐकत होते. मी एकेक वाक्य वाचायचे, आजी सुपातले खडे वेचत उत्तर द्यायच्या. ‘मनातलं बोलायला आपलं माणूस जवळ नाही’ या वाक्याला त्यांचा हात थांबला. तेवढ्यात आजोबा खाकरले. आजी म्हणाल्या, “कधीच न्हाय,” आणि परत सूप हलवायला लागल्या. मी खूण केली आणि पुढचं वाक्य वाचलं.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा त्या दारात गेले तेव्हा बाज भिंतीला उभी करून ठेवलेली होती. आजींच्या कपाळावर कुंकू नव्हतं. सुनेनं सांगितलं की आजोबा जाऊन सोळा दिवस झाले, झोपेतच गेले. मी पिशवी न उघडताच परत फिरायला लागले, पण आजींनीच मला बसवलं. इतक्या लांबून एसटीनं आलात, काम करूनच जा, म्हणाल्या.

मी नको म्हणायला हवं होतं. पण यादीतली बरीच माणसं दुसऱ्या खेपेला भेटत नव्हती, आणि त्याच आग्रह करत होत्या. मी वाचायला लागले. पहिल्या वाक्याला मागचंच उत्तर आलं, दुसऱ्यालाही, आणि पुढंही तसंच. माझा आवाज बारीक होत गेला. ‘मनातलं बोलायला आपलं माणूस जवळ नाही’ हे वाक्य मी जवळजवळ पुटपुटले. त्या म्हणाल्या, कधीच न्हाय.

मी पेन खाली ठेवलं. मागचं राहू द्या, आता जे वाटतं तेच सांगा, असं त्यांना म्हटलं.

“तवा ते ऐकत व्हते,” आजी म्हणाल्या. “त्यांच्यादेखत सांगितलंय म्या. आता ते न्हाईत म्हणून दुसरं सांगू?”

मी पेन पुन्हा उचललं. मी खूण केली. घरी येऊन दोन्ही कागद शेजारी ठेवले तर चोवीसच्या चोवीस उत्तरं जुळत होती. पूर्ण यादीत इतकी जुळलेली दुसरी जोडी नव्हती.

सगळ्यांचा हिशेब केल्यावर दोन्ही वेळच्या उत्तरांच्या जुळणीचा गुणांक चांगला आला आणि सर खूश झाले. मी त्यांना आजींचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की मधल्या काळात माणसाची स्थितीच बदलली असेल तर ते नाव फेरचाचणीतून काढायचं असतं, नियमच आहे. मी विचारलं, पण उत्तरं तर बदललीच नाहीत ना? सर म्हणाले, तरीही काढा.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण मला दुसरीच शंका आली. आजींचं मला कपाळ दिसलं म्हणून कळलं. बाकीच्यांच्या घरी त्या तीन आठवड्यांत काय झालं, ते मला कुठं ठाऊक होतं?

म्हणून मी पुन्हा सास्तूरला गेले. यादीतल्या एका वयस्कर शेतकऱ्याला विचारलं की दुसऱ्या वेळी उत्तर कसं ठरवलं. माझा प्रश्नच त्यांना विचित्र वाटला. “मागं काय सांगितलं ते ध्यानात व्हतं की,” ते म्हणाले. भूकंपानंतर गावात लई लोक वह्या घेऊन आले, घरात किती माणसं, किती गेली, सगळं विचारून गेले. तेव्हापासून त्यांनी एक ठरवलं होतं. एकदा जे सांगितलं तेच दर खेपेला सांगायचं, दोनदा दोन बोललं की माणूस खोटा पडतो.

म्हणजे मी मोजलं काय? एकटेपणा, की दिलेल्या शब्दाला जागण्याची सवय? त्या दुपारी मी आजींकडंही गेले. कागद नेला नव्हता. त्यांनी चहा केला. बऱ्याच वेळानं मी विचारलं, पहिल्यांदा तुम्ही सांगितलं होतं, ते तरी खरं होतं का?

आजींनी माझ्याकडं नीट बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

“तुमाला कंचं पायजे?” त्या म्हणाल्या.

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. नवरा जिवंत असतानाही बोलायला माणूस नव्हतं, असं असेल. नवरा गेला तरी तो जवळच आहे, असंही असेल. नाहीतर ही बाई दर महिन्याला येऊन तेच विचारते, हिला हवं ते देऊन मोकळं व्हावं, एवढंच असेल.

मी आजींचं नाव यादीतून काढलं. प्रबंध झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की ही चाचणी एकटेपणाच मोजते कशावरून. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, तज्ज्ञांकडून वाक्यं तपासून घेतली होती म्हणाले, आणि त्यांचं समाधान झालं. नोकरी पक्की झाली.

गेल्या वर्षी एका संशोधक मुलीनं पत्र पाठवून माझी चाचणी वापरायची परवानगी मागितली. मी आठवडाभर उत्तर दिलं नाही. शेवटी लिहिलं, वापर, पण विचारायला स्वतः जा, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. तिनं आभार मानले आणि असं का, ते विचारलं. आजींच्या त्या कोऱ्या कपाळाचं तिला कसं सांगायचं, ते मला अजून लिहिता आलेलं नाही.