समोरच्या घरातलं सरकार

देशाचा कारभार दिल्लीहून चालतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी शहाद्यातलं आमच्या समोरचं घर पाहिलेलं नाही. आमच्या गल्लीतल्या आबांनी तीस वर्षं हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलं. पोरं तो विषय परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचत आणि दुसऱ्या दिवशी विसरत. बहुधा त्याचाच सूड म्हणून निवृत्त झाल्यावर आबांनी तो पुस्तकातून काढून आपल्या घरात मांडला. घरात माणसं सहा-सात, खोल्या तीन, पण कायदेमंडळ, मंत्रिमंडळ आणि न्यायालय असं सगळं शिस्तीत होतं. दोन सभागृहं असावीत अशी त्यांची फार इच्छा होती. खोल्या पुरेनात म्हणून एकावर भागवलं.

दर रविवारी सकाळी चहा झाला की ओसरीवर सभा भरे. आबा पंतप्रधान. त्यांची बायको सभेची अध्यक्ष, कारण आबांच्या मते अध्यक्षानं स्वतः बोलायचं नसतं, दुसऱ्यांना बोलू द्यायचं असतं, आणि या कामाचा तिला चाळीस वर्षांचा सराव होता. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर विधेयकं लिहिली जात. "न्हाणीत पाच मिनिटांपेक्षा जास्त कोणी बसू नये" हेसुद्धा तीनदा वाचल्याशिवाय मताला टाकलं जात नसे. दर पाच वर्षांनी निवडणूक. कोपऱ्यावरचे टेलरचाचा, ज्यांचं घराणं या गल्लीत आमच्याही आधीपासून आहे, पत्र्याचा डबा आणि मूठभर बटणं घेऊन येत. पांढरं बटण म्हणजे आबा, काळं म्हणजे आबा नकोत. उमेदवार एकच. तरी एका वर्षी डब्यातून दोन काळी बटणं निघाली. आबांनी चाचांना तीनदा मोजायला लावलं. चाचा शांतपणे म्हणाले, "आबा, बटन बोलस, मी नही." त्यानंतर आठ दिवस आबा जेवताना एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

राष्ट्रपती म्हणजे आबांची आई. सगळे तिला मोठी माय म्हणत. वय ऐंशीच्या पुढे, अक्षरओळख नाही, दात दोन. सभेनं मंजूर केलेल्या कागदावर तिचा अंगठा उमटल्याशिवाय कायदा होत नसे. तिला तो कागद एकदा परत पाठवता येई. सभेनं पुन्हा तोच मंजूर केला तर मात्र अंगठा द्यावाच लागे. एवढं आबांनी तिला समजावलं होतं. न समजावलेली युक्ती तिनं स्वतः शोधून काढली. "चहा दिवसातून दोनदाच" हे विधेयक तिच्याकडे गेलं, तेव्हा तिनं ते मंजूरही केलं नाही आणि परतही पाठवलं नाही. पानाच्या डब्याखाली ठेवून दिलं. महिना गेला, दुसरा गेला. आबांनी आठवण दिली की ती म्हणे, "मन्हा अंगठा दुखी ऱ्हायना." आबा आमच्या दारात येऊन कपाळाला हात लावून म्हणाले, "वहिनी, काय करू? घटनामा मुदत लिखेल नही!" त्या घरात आजही तीनदा चहा होतो.

थोरला मुलगा कारखान्यावर नोकरीला, म्हणून त्याचं बिऱ्हाड पुरुषोत्तमनगरला. ते झालं राज्य, पण रविवारच्या सभेला नवरा-बायको शहाद्याला येत. कोणता विषय केंद्राचा, कोणता राज्याचा आणि कोणता दोघांचा, अशा घटनेतल्या तिन्ही याद्या आबांनी लिहून त्याच्या भिंतीवर चिकटवल्या. ब्राह्मणपुरीची शेती आणि घरातली लग्नं केंद्राकडे. स्वयंपाक, साफसफाई आणि शेजाऱ्यांशी संबंध राज्याकडे. नातवंडांची शाळा दोघांकडे, पण तिथं भांडण झालंच तर केंद्राचं खरं. एकदा आबा तिकडे गेले आणि सवयीनं डब्यांची झाकणं उघडून बघायला लागले. थोरली सून भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "आबा, स्वयंपाक राज्यना विषय शे. तुम्ही आठे पाव्हना शेतस. चहा प्या नि बठा." आबा बसले. उलट घरी येऊन तिचं कौतुक केलं की संघराज्य खरं समजलं ते या सुनेला.

आता राहिलं न्यायालय. ते मी.

न्यायालय सरकारच्या छपराखाली असू नये असं आबांचं ठाम मत. आमच्या दोन घरांमध्ये गल्लीचं गटार आहे. त्या गटाराकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हाई अधिकारनी विभागणी व्हई गई." मी तेव्हा पंचेचाळिशीची. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला राज्यशास्त्रात काठावर पास झाले होते, आणि तेवढ्या बळावर आपण विद्वान आहोत असं मला वाटत होतं. नेमणूक झाल्यावर माझी चालच बदलली. यजमानांचा लग्नातला काळा कोट मी पेटीतून काढून दारामागं टांगला. घालायचा धीर झाला नाही, पण टांगलेला असला की बरं वाटे. टीव्हीचा आवाज किती असावा, आरशासमोर आधी कोण, असे खटले मी भुवया आकसून ऐकत असे. आणि खरं सांगायचं तर ज्या बाजूकडून शेवभाजीची वाटी आली, तिच्या म्हणण्यात मला जास्त तथ्य दिसे. आज मला ती बाई भेटली तर मी तिला चांगलं फैलावर घेईन. पण ती बाई मीच होते, त्यामुळे घरातल्या घरात मिटवून टाकते.

मग आली धाकट्या सुनेची वेळ.

ही कळसाडीची मुलगी. लग्नाआधी नर्सिंगचा कोर्स केलेला. तीन वर्षं भाकरी थापता थापता तिनं परीक्षा दिली आणि सातपुड्यात, धडगावच्या पलीकडे एका उपकेंद्रावर तिची नेमणूक झाली. पाच दिवस तिथं मुक्काम, शनिवारी घरी. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. रविवारी सभेपुढे थोरल्या मुलानं विधेयक ठेवलं: घरातल्या सुनेनं मुक्कामाची नोकरी करू नये. त्यावर सगळे एकदम बोलले. डोंगरातला रस्ता, पावसाळा, अनोळखी माणसं, लोक काय म्हणतील. हात वर झाले. थोरला, थोरली आणि आबा, तिघांचे बाजूनं. विरोधात एकटा धाकट्या सुनेचा. तिचा नवरा म्हणाला, मी तटस्थ. मी आमच्या ओट्यावरून बघत होते. आबांचा हात वर गेला तेव्हा त्यात शास्त्र नव्हतं. सून इतक्या लांब एकटी जाणार याची भीती होती. चेहऱ्यावर सरळ दिसत होती.

मोठ्या मायनं कागद परत पाठवला. म्हणाली, "पोरगी शिकेल शे, जाऊ द्या." सभेनं त्याच दुपारी तो पुन्हा मंजूर केला. मग अंगठा देणं भाग होतं. आबा शाई घेऊन समोर बसून राहिले, पानाच्या डब्याकडे हात जाऊ दिला नाही. आबांची पाठ वळल्यावर म्हातारीनं धाकटीला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, "अंगठा दिधा मी. आते समोर जाय. तठे कोर्ट शे ना."

ती गटार ओलांडून आली. कॅलेंडरच्या पानावर चार ओळींचा अर्ज. रडत नव्हती. "काकू, माले काही नको. फक्त वाची दखा. आठ दिनमा हजर व्हनं शे, नही तं दुसरीले दी टाकतीन."

आजवर माझ्यापुढे असा खटला आला नव्हता. टीव्हीच्या आवाजानं कुणाचं आयुष्य बदलत नाही. रात्रभर मी काळ्या कोटाकडे बघत पडून राहिले आणि सकाळी उठून काय केलं? आबा तुळशीला पाणी घालत होते. मी गटाराच्या कडेला उभी राहून हळूच म्हटलं, "आबा, तुम्हना मनमा काय शे ते सांगी द्या. तसाच निकाल दी टाकस." मला वाटलं, किती शहाणपणा केला मी! सगळ्यांचा मान राहील.

आबांनी तांब्या खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना असं संतापलेलं मी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र चढवला नाही. "वहिनी, हाई काय बोली ऱ्हायनात तुम्ही? मन्हा मनमा काय शे, ते इचारनं तुम्हनं काम नही. मी हारसू तं हारसू. पन माले इचारीसन दिधेल निकाल माले नको." मग आत जाऊन त्यांनी शाळेत शिकवताना वापरलेली घटनेची प्रत आणली, शिवण सुटलेली, दोऱ्यानं बांधलेली, आणि गटारावरून माझ्या हातात दिली. "वाचा," म्हणाले, आणि पाठ फिरवली.

मी दोन दिवस वाचलं. भाजी करपली, यजमान उपाशी राहिले. मूलभूत हक्कांच्या पानावर, कोणालाही आपल्या पसंतीचा व्यवसाय करता येईल असं जिथं लिहिलं आहे, तिथं समासात आबांच्या जुन्या वळणदार अक्षरात पेन्सिलीची ओळ होती: "वर्गात नीट सांगणे. बहुमतालाही याला हात लावता येत नाही." बाकी पानं धुळीची, या पानाची घडी मात्र ताजी होती. आबांनी ती मुद्दाम घातली होती का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारणं माझं काम नव्हतं.

निकाल रविवारच्या सभेत द्यायचा होता. त्या सकाळी मी कोट घातला नाही. त्यांच्या ओसरीवर उभी राहिले आणि वाचलं, की तीन हात एका बाजूला असले तरी चौथीचं कामधंद्याचं स्वातंत्र्य मतानं काढून घेता येत नाही, म्हणून हा कायदा रद्द. थोरला उसळला, "आबा, कोठलं कोर्ट नि काय! समोरली बाई सांगस आनि तुम्ही ऐकतस? आपण आपला घरमा शेत!"

आबा उठून उभे राहिले. निकाल उभं राहून ऐकायचा असतो, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती. "आज मी नही ऐकं," ते म्हणाले, "तं मंग मी सरकार नही. नुसता घरना रागीट म्हतारा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मान्य शे."

न्यायालयाजवळ ना काठी असते ना शिपाई. निकाल अमलात आणायचा तो सरकारनंच. तोही ज्याच्या विरोधात लागला त्याच सरकारनं. हा धडा त्यांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिला होता. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, तो मी गल्लीत चालताना पाहिला. पुढं सायकल, कॅरिअरवर सुनेची पत्र्याची पेटी सुतळीनं बांधलेली, हँडल धरून आबा, मागं सून, तिच्या मागं तिचा तटस्थ नवरा हातात पाण्याची बाटली घेऊन. धडगावच्या गाडीत पेटी आबांनीच चढवली. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे होते म्हणे. आणि शनिवारी दुपारी दोनपासून तिची वाट बघत स्टँडवर जाऊन बसले.

आता मोठी माय नाही, आबांची बायको नाही, टेलरचाचांचा डबा त्यांच्या नातवाकडे खिळे ठेवायला आहे. धाकटी सून दर शनिवारी येते, आबांचं ब्लडप्रेशर बघते, गोळ्या डब्यात लावून जाते. आबांना मात्र आता फारसं आठवत नाही. रविवारी सकाळी ते अजून ओसरीवर येऊन बसतात. सभेला कोणी नसतं, म्हणून गटार ओलांडून न्यायालयच जातं. गटारावर आता नगरपालिकेची फरशी आहे, माझ्या गुडघ्यांना ती बरी पडते.

आबा बराच वेळ माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "वहिनी, निकाल लागना का?"

"लागना, आबा."

"कोन जितनं?"

"तुम्हनी धाकली सून."

ते खुर्चीचे हात धरून उठायला लागतात. मी नको म्हणत नाही. उठण्याचा अधिकार त्यांचा आहे. सरळ उभं राहायला वेळ लागतो. "मान्य शे," म्हणतात, आणि मग त्यांची नजर ओसरीच्या कोपऱ्यात जाते, जिथं पूर्वी सायकल असायची.

"बस कितला वाजता शे?"

"आजून येळ शे, आबा," मी म्हणते. "बठा."