दहावीचा वर्ग जिना उतरला तेव्हा

“अहो, कापा तो बांबू!” मुख्याध्यापक दुसऱ्या मजल्यावरून असे ओरडले की राजोडीच्या होड्या अर्ध्या समुद्रातून माघारी वळल्या असतील.

शाळेला जिना एकच, आणि त्याच्या पहिल्याच वळणावर मी खुर्चीसकट अडकले होते. खुर्चीला दोन लांब बांबू बांधलेले, बांबूंना पुढेमागे माझे दोन काका.

पोलिओनंतर माझ्या पायांनी लहानपणीच राजीनामा दिला होता. नववीपर्यंतचे वर्ग तळमजल्यावर. आई मला पाठुंगळी घेऊन यायची, आणि माझी पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत न्यायची. दहावी मात्र दुसऱ्या मजल्यावर. “दहावी वरच बसते, परंपरा आहे. हिने घरी वाचावं, परीक्षेला यावं,” मुख्याध्यापकांनी सांगितलं. आई “बरं” म्हणाली. आमची आई “बरं” म्हणाली की घरातल्या कोंबड्यासुद्धा माडावर चढतात.

दुसऱ्या दिवशी सांडोरच्या वाडीतून केळीचे घड काढतात तसं काकांनी मला उचललं. पण वाडीत केळीच्या ओळी सरळ. वळायचा सराव कोणाला? बांबूचं एक टोक कठड्यात घुसलं, दुसरं भिंतीत. तेवढ्यात मधली सुट्टी झाली. वर दहावीची सगळी पोरं, खाली वडापाव, मध्ये मी, महाराणीसारखी.

मुख्याध्यापकांची अडचण निराळी होती. पुरुषांची मुतारी खाली, आणि त्यांच्या पोटात सकाळपासूनचे तीन चहा.

“लवकर कापा हो!” ते या पायावरून त्या पायावर नाचत होते.

मोठ्या काकाच्या कमरेलाच कोयता होता. तो म्हणाला, “वहिनीला इचारा, सर. बांबू तिचं हाय.”

“माझी काही घाई नाही,” आई खालून म्हणाली. “पोरीला वर्गात बसवायचंय, तेवढंच.”

“उद्यापासून दहावी खाली! अहो, आत्तापासून!”

कोयता दोनदा चालला. सर माझ्या डोक्यावरून गेले. शाळेचा उंच उडीचा विक्रम अजून त्यांच्याच नावावर असावा.

बाक खाली आणायला अर्धा तास लागला. परंपरेला जिना उतरायला तेवढाच वेळ लागतो.

शाळा सुटताना सर हसतमुखाने आईपाशी आले. “काय बाई, आता तरी सगळी सोय झाली ना?”

आई माझी बाटली पिशवीत घालत होती. भरलेली.

“मुलींचा संडास वरच आहे,” ती म्हणाली.